कुठल्याही तक्रारीवर डॉक्टर ‘आधी वजन कमी करा’ एवढंच म्हणतात. मीच फार मनाला लावून घेते का?

तुम्ही लिहिलंय की पोट दुखो, गुडघा दुखो नाहीतर कान, डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं: आधी वजन कमी करा. आठ महिने पोट दुखतंय, तरी त्या बोलण्याच्या धास्तीने तुम्ही दवाखान्याची पायरी चढला नाहीत.

मनाला लावून घेण्याचा प्रश्नच नाही. मी अठरा वर्षं ओपीडीत परिचारिका आहे. तुम्ही सांगताय ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिलंय, आणि सुरुवातीची काही वर्षं त्यात माझाही हात होता.

बीपीच्या पट्ट्याचंच घ्या. आमच्याकडे एकाच मापाचा पट्टा असायचा. दंड जाड असला की तो कसाबसा गुंडाळायचा, हवा भरली की चरचरत सुटायचा. मग मी तो तळव्याने दाबून धरायची आणि पुन्हा हवा भरायची. बाई ओशाळून म्हणायची, “सिस्टर, माझा हातच मोठा आहे हो.” “हात नाही, पट्टा लहान आहे,” एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून निघायचं नाही. आकडा लिहिला की पुढचा पेशंट. पुढे 2023 साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले: ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला, तर वरचं बीपी सरासरी 19.5 ने जास्त दिसतं. म्हणजे ज्याचं खरं बीपी 125, तो कागदावर 144. त्याला गोळीही सुरू होऊ शकते. असे किती चुकीचे आकडे मी माझ्या अक्षरात लिहिले असतील, या विचाराने आजही पोटात कालवतं.

दुसरी गोष्ट एका बाईंची. दोन जिने चढले की धाप लागते, म्हणून त्या चार महिन्यांत तीनदा आल्या. तिन्ही वेळा कागदावर तेच: लठ्ठपणा, वजन कमी करण्याचा सल्ला. चौथ्या खेपेला डॉक्टर नवीन होत्या. त्यांनी बाईंना उजेडाकडे तोंड करायला सांगितलं आणि अंगठ्याने खालची पापणी ओढली. आत लाली नव्हतीच, पांढरी फटक. हिमोग्लोबिन सहाच्या आसपास निघालं. पाळीत अती रक्तस्राव होत होता, गर्भाशयात गाठी होत्या. बारीक अंगाची बाई धाप लागते म्हणून आली असती तर पहिल्याच दिवशी कोणीतरी तिची पापणी पाहिली असती. पाच सेकंदांचं काम, पण तिन्ही वेळा नजर वजनाच्या आकड्यावर अडली आणि पापणीपर्यंत पोचलीच नाही.

म्हणून मला वाटतं, टोमण्याहून मोठं नुकसान राहून गेलेल्या तपासणीने होतं. शिवाय टोमण्याने माणूस दवाखाना टाळतो, आजार वाढवून उशिरा येतो, आणि मग ‘यांना स्वतःची काळजीच नाही’ असं आम्हीच म्हणतो. याचा शरीरावरचा भारही कमी नसतो. वजनावरून भेदभाव सोसल्याचं सांगणाऱ्यांत पुढच्या काळात मृत्यूची जोखीम सुमारे 60 टक्क्यांनी जास्त आढळली, असं अमेरिकेतल्या दोन मोठ्या पाहण्यांवरून 2015 साली मांडलं गेलं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा), आजार, नैराश्य, धूम्रपान, व्यायाम हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला. भेदभावामुळेच मृत्यू होतो असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण ‘थोडं लाजवलं की माणूस सुधारतो’ ही आमच्या पेशातली समजूत मी तेव्हापासून सोडली.

बीएमआयचं म्हणाल, तर ते सूत्र मुळात केटले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ-संख्याशास्त्रज्ञाने 1830 च्या दशकात ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधताना मांडलं. एकेका माणसाची तब्येत ठरवायला ते नव्हतंच.

वजनाचा तब्येतीशी संबंध नाही असं मी म्हणणार नाही. गुडघ्यावर भार येतो, साखर वाढते, झोपेत श्वास अडकतो. डॉक्टरांनी वजनाचा विषय काढला म्हणून ते वाईट ठरत नाहीत. फक्त आधी तक्रार ऐकून तपासावं, मग वजनाचं बोलावं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. आत गेल्यावर पहिलं वाक्य तक्रारीचं असू द्या, केव्हापासून आणि कुठे ते सांगून. बीपी घेताना पट्टा करकचून बसला किंवा सुटला तर मोठा मागा. मागितल्यावर बऱ्याचदा कपाटातून निघतो. ‘आधी वजन कमी करा’ आलंच तर शांतपणे विचारा, “हीच तक्रार बारीक माणसाने सांगितली असती तर तुम्ही काय तपासलं असतं? ते माझं तपासाल का?” हा प्रश्न ऐकून पेन खाली ठेवणारे डॉक्टर मी पाहिलेत. त्यातूनही नकार मिळाला, तर ‘तपासणीची गरज वाटली नाही’ असं कारणासकट कागदावर लिहून मागा. आणि घरचं कोणीतरी सोबत न्या. दुसरं माणूस खोलीत असलं की आमची भाषा सुधारते, हे कबूल करायला मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

वजन करायला संकोच वाटत असेल तर काट्याकडे पाठ करून उभ्या राहा आणि आकडा मोठ्याने सांगू नका म्हणा. अगदीच नको असेल तर गरज आहे का ते विचारा. पण भूल, गरोदरपण, हृदयविकारातली सूज, केमोथेरपी अशा ठिकाणी मात्र वजन करू द्याच, उपचार त्यावर ठरतात. तिथेही दुजाभाव सुटत नाही बरं का: जास्त वजनाच्या रुग्णांना केमोचा डोस हात राखून दिला जात होता, म्हणून 2012 साली अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेला प्रत्यक्ष वजनाप्रमाणे पूर्ण डोस द्या असं मुद्दाम सांगावं लागलं.

तुमचं पोट आठ महिने दुखतंय. याच आठवड्यात वेळ घ्या, जमलं तर दुसऱ्या डॉक्टरांची. आणि टेबलावर आडवं होऊन पोट हाताने तपासून घेतल्याशिवाय खोलीतून उठू नका.