छोट्या निवासी शाळेत मुलगी एकटी पडेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी जूनमध्ये सहावीत जाईल, तिला पाचगणीतल्या शंभर-सव्वाशे मुलांच्या खाजगी निवासी शाळेत ठेवायचा विचार आहे. इतक्या लहान जागी मुलं एकमेकांत कशी राहतात, आणि ती एकटी तर पडणार नाही ना?

मी 1989 ते 1995, पाचवी ते दहावी, पाचगणीतल्याच एका लहान शाळेच्या वसतिगृहात वाढले. पुढे 2006 पासून अकरा वर्षं तिथल्याच दुसऱ्या एका शाळेत मुलींची वॉर्डन होते. दोन्ही शाळांची नावं घेत नाही, कारण चांगलं-वाईट सगळंच सांगायचं आहे.

आधी उत्तर देते. वर्गातल्या मैत्रिणींच्या भरवशावर राहिली तर एकटी पडू शकते. मोठ्या ताया आणि धाकट्या मुली यांच्यात मिसळायला वाव असेल, तर बहुतेक नाही पडणार. लहान शाळेत एका वर्गात दहा-बारा मुली असतात. त्यातल्या दोघींशी बिनसलं की तिसरा घोळका नसतोच. शहरातल्या साठ मुलांच्या वर्गात बाक बदलून चालतं, इथे झोपायला तोच डॉर्म, तीच मेस, तीच बाथरूमची रांग. म्हणून तिथलं माणूसपण वरच्या-खालच्या इयत्तांमध्ये जगतं.

माझा नंबर 47 होता. आईने प्रत्येक कपड्यावर, टॉवेलवर, मोज्यांच्या कडेवरसुद्धा लाल दोऱ्याने तो आकडा घातला होता, धोब्याकडे कपडे मिसळू नयेत म्हणून. पहिल्या संध्याकाळी मला आठवीतल्या एका ताईच्या हवाली केलं गेलं. तिने पलंगावरची चादर कशी ताणायची ते दाखवलं, ट्रंकेची किल्ली गळ्यात अडकवायला लावली, आणि सकाळी बंबाच्या गरम पाण्यासाठी बादली आदल्या रात्रीच रांगेत लावायची असते हे कानात सांगितलं. त्या रात्री मी रडले तेव्हा ती उठून माझ्या पायाशी येऊन बसली. बोलली काहीच नाही. तीन वर्षांनी एका नव्या मुलीच्या पायाशी मी तशीच बसले, तेव्हा ते मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पण याच नात्याची दुसरी बाजूही तुम्हाला माहीत असायला हवी. त्याच शाळेत दहावीच्या काही मुली आमच्याकडून मोजे धुऊन घ्यायच्या, त्यांच्या बादल्या उचलायला लावायच्या. नाही म्हटलं तर रात्री दिवे गेल्यावर पलंगाभोवती उभ्या राहायच्या. दोन वर्षं हे चाललं. वॉर्डनबाई इमारतीच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या, त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. मोठ्यांच्या हाती धाकट्यांना देणं ही चांगली रीत आहे, पण एखादं प्रौढ माणूस ऐकू येईल इतक्या अंतरावर झोपत असेल तरच. मी वॉर्डन झाल्यावर पहिली मागणी केली ती खोलीची. मला डॉर्मला लागून असलेली खोली हवी होती. रात्री दोन वाजताचा खोकलासुद्धा कुणाचा आहे ते मी अंथरुणातून ओळखायला लागले.

पत्रांचंही तसंच. दर रविवारी घरी पत्र लिहायचं आणि पाकीट उघडं द्यायचं. बाई वाचून मग चिकटवणार. ‘मी मजेत आहे’ याखेरीज काय लिहिणार? मी आणि आईने सुट्टीत एक खूण ठरवली होती. पत्रात मी दारातल्या तुळशीची चौकशी केली की तिने समजायचं. मोज्यांच्या दिवसांत एकदा मी तुळशीबद्दल लिहिलं. चौथ्या दिवशी आई वाईहून एसटीने पसरणीचा घाट चढून शाळेच्या दारात उभी होती. ते प्रकरण तिच्यामुळेच थांबलं. आता फोन असतात, तरी बऱ्याच शाळांत ते ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आणि कुणाच्या तरी समोर होतात. तुमच्याही घरात अशी एखादी खूण आधीच ठरवा.

पाचगणीबद्दल थोडं सांगते, म्हणजे तिथलं राहणं लक्षात येईल. जेमतेम 19 किलोमीटरवरच्या महाबळेश्वरात पावसाळ्यात राहणं अवघड, म्हणून इंग्रजांनी कमी पावसाची ही जागा निवडली. 1860 च्या दशकात जॉन चेसन यांनी ती वसवली, सिल्व्हर ओकची झाडं लावली. हवा चांगली म्हणून आजारी माणसं आली, शाळाही आल्या. पारशी, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू अशा वेगवेगळ्या लोकांनी त्या काढल्या आणि मुलंही लांबलांबून आली. पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जग ज्याला ओळखू लागलं तो झांझिबारचा मुलगा 1950 च्या दशकात इथल्याच सेंट पीटर्समध्ये होता, आणि त्याचा पहिला बँड शाळेतल्या मित्रांबरोबरच उभा राहिला. मला यात नवल वाटत नाही. रिकामी संध्याकाळ आणि तीच ती चार-पाच माणसं असली की मुलं काहीतरी उभं करतातच. आम्ही नाटकं बसवायचो, प्रेक्षक म्हणून पहिलीच्या मुलांना आणि मेसच्या मावशींना बसवायचो.

आणि कमी पाऊस म्हणजे महाबळेश्वरच्या मानाने कमी! जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. धुकं खिडकीतून सरळ डॉर्ममध्ये येतं, गाद्या दमट होतात, पाऊस अडवायला भिंतींना गवताच्या झड्या लावलेल्या असल्यामुळे दुपारीही आत अंधार. कपडे वाळत नाहीत. आमच्याकडे मेसच्या स्वयंपाकघरात चुलीवर दोऱ्या बांधून मोजे आणि गणवेश वाळवायचे, त्यामुळे जुलै-ऑगस्टभर सगळ्या शाळेला धुराचा आणि फोडणीचा एकच वास यायचा. वीज गेली की प्रेप, म्हणजे संध्याकाळचा अभ्यास, मेसमध्ये व्हायचा, सगळ्या इयत्ता लांब टेबलांवर एकत्र, मधे पेट्रोमॅक्स. तिसरीतल्या मुलीचं पाढे म्हणणं आणि नववीतलीचं भूमितीचं प्रमेय एकाच टेबलावर. माझी सगळ्यात जवळची माणसं मला त्या अंधारात मिळाली. त्यातली एक माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे आणि आजही महिन्यातून एकदा फोन करते.

खाऊचंही सांगते. टक म्हणजे घरून आलेला खाऊ, तो कपाटात जमा व्हायचा आणि बुधवारी-शनिवारी उघडायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र सगळ्यांचा फराळ एका मोठ्या परातीत. चाळीस घरांचा चिवडा एकत्र झाला की कुणाच्या घरात काजू पडतात आणि कुणाच्या नाही, हा हिशेब उरत नाही. ईदला आमच्यातल्या चौघींच्या घरून शीरखुर्मा यायचा आणि त्या स्वतः वाढायच्या.

आता वॉर्डन म्हणून माझ्या हातून झालेली चूक. सातवीत अकरा मुली होत्या. त्यांनी एकीशी बोलणं टाकलं. मला कळायला एकोणीस दिवस लागले. कळलं तेही कसं, ती मेसमध्ये मुद्दाम हळूहळू जेवायची, म्हणजे डॉर्मकडे एकटीने चालत जाताना कुणी बघायला नको. ते पाहून मला इतका संताप आला की मी म्होरक्या मुलीला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या दोन-तीन जणी, ज्या निदान नजरेला नजर देत होत्या, त्यांनीही तोंड फिरवलं. शेवटी मेसच्या मावशींनी मला न विचारता त्या मुलीला संध्याकाळी डाळ निवडायला बोलवायला सुरुवात केली. तिथे आधीपासून चौथीतल्या दोघी-तिघी शेंगा खायला घुटमळायच्या. त्यांना ती गोष्टी सांगायला लागली. पंधरा दिवसांत तिच्या मागे धाकट्यांची शेपूट असायची. वर्गातल्या मुली वर्षभर तिच्याशी धड वागल्या नाहीत, हे मी लपवत नाही. पण ती शाळा सोडून गेली नाही, आणि नववीत स्वतः नव्या मुलींची ताई झाली.

म्हणून शाळा बघायला स्नेहसंमेलनाला जाऊ नका. एखाद्या साध्या मंगळवारी, जेवणाच्या वेळी जा. मेसमध्ये इयत्ता मिसळून बसतात का, मोठ्या मुली धाकट्यांना वाढतात की धाकट्या मोठ्यांच्या ताटल्या उचलतात, ते बघा. रात्री मुलींच्या मजल्यावर कोण झोपतं ते विचारा आणि ती खोली दाखवायला सांगा. गेल्या पाच वर्षांत वॉर्डन किती बदलल्या हे नक्की विचारा. दरवर्षी नवीन माणूस असेल तर मी मुलीला तिथे ठेवणार नाही, इमारत कितीही देखणी असो. आजारी मुलींच्या खोलीत जाऊन पलंगावर स्वतः बसून बघा.

शिक्षेबद्दल विचारायला संकोचू नका. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मारहाणीला आणि मानसिक छळाला बंदी आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलांवरचा लैंगिक अत्याचार कळला की तो पोलिसांना कळवणं शाळेला बंधनकारक आहे, आपसांत मिटवायची मुभा नाही. मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर मुलींना दिसेल अशा भिंतीवर लिहिलेला आहे का, आणि त्या भिंतीजवळ फोन आहे का, हेही बघा.

घरची आठवण पहिल्या आठवड्यात येतेच. पण माझ्या अनुभवात मुली सगळ्यात जास्त कोसळतात त्या दिवाळीची सुट्टी संपवून परत आल्यावर. तेव्हा काय वाट्याला येणार ते ठाऊक असतं. त्या आठवड्यात तुमचं पत्र तिच्या आधी शाळेत पोचलेलं असू द्या.

आणि जायचं ठरलंच, तर कपड्यांवरचे नंबर दुकानातून शिवून आणू नका, तिला शेजारी घेऊन घरीच घाला. दोन-तीन संध्याकाळी लागतील, तेवढ्यात ती तुम्हाला बरंच काही विचारेल. मोजे आठ जोड द्या. शाळेच्या यादीत चार लिहिलेले असतात, जुलैत ते पुरत नाहीत.