लाल कार्ड पिशवीत ठेवू नका

वाचकांचे प्रश्न, निवृत्त अधिपरिचारिकेची उत्तरे

प्रश्न : आदरणीय ताई, आम्ही गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यातले धान उत्पादक शेतकरी आहोत. माझी मुलगी १९ वर्षांची असून तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. शाळेतल्या तपासणीनंतर ‘एसएस’ (म्हणजे नुसती वाहक नव्हे, तर रुग्ण) असा अहवाल आला आणि तिला सिकलसेलच्या रुग्णाचे लाल कार्ड मिळाले. गेल्या पावसाळ्यापासून जेवण झाले की तिच्या उजव्या बरगडीखाली दुखते, कधी उलट्या होतात, आणि डोळे तर बाराही महिने पिवळे असतात. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले असून डॉक्टरांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला आहे. घरातली वडीलधारी माणसे मात्र सांगतात की सिकलसेलच्या माणसाला भूल मानवत नाही, त्यापेक्षा जडीबुटीने खडे विरघळवावेत. आम्ही काय करावे? शस्त्रक्रिया केलीच, तर यंदा धानाच्या रोवणीला (लावणीला) ती येऊ शकेल का?

उत्तर : सर्वप्रथम खड्यांविषयी सांगते. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर सिकलसेलच्या रुग्णाची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींतून तयार होणारे पिवळे द्रव्य यकृतामार्गे पित्तात उतरते आणि तिथेच साठून त्याचे काळपट खडे बनतात. आपल्या मुलीच्या खाण्यापिण्यातल्या कोणत्याही चुकीमुळे ते झालेले नाहीत. अशा प्रकारचे खडे कोणत्याही औषधाने विरघळत नाहीत, मग ती गोळी असो वा मुळी. जडीबुटीत गेलेल्या महिन्यांत एखादा खडा पित्तनलिकेत सरकून अडकला, तर थंडी वाजून ताप येतो, लघवी गर्द होते, शौचाचा रंग पांढुरका पडतो, आणि जी शस्त्रक्रिया सवडीने व तयारीनिशी झाली असती ती रात्री-अपरात्री घाईने करावी लागते. त्यामुळे, एकदा त्रास सुरू झाला की, दुखणे शांत असलेल्या काळात ठरवून केलेली शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता भीतीविषयी. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः तसा प्रसंग पाहिला आहे. पण धोका भूल किंवा सुरी यांपेक्षा तहान, थंडी आणि अपुरा श्वास यांत अधिक असतो. शरीरातले पाणी कमी झाले, अंग गार पडले किंवा प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात.

वीसेक वर्षांपूर्वी मी ज्या रुग्णालयात नोकरीला होते तिथे डिसेंबरमध्ये १४ वर्षांचा एक मुलगा हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला. यादीत त्याचे नाव पहिले होते, परंतु सकाळी अपघाताचे रुग्ण आले आणि तो मागे पडत गेला. आदल्या रात्री नऊपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, सलाईन लावलेले नाही, आणि अंगावर एक पातळ हिरवा अंगरखा घालून तो दुपारी तीनपर्यंत शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर बसून होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या रात्री मात्र त्याची छाती दुखू लागली, ताप चढला आणि त्याला धाप लागली. त्याची आई काही न बोलता त्याच्या नडग्या चोळत होती. सिकलसेलमध्ये हाडे फार दुखतात, म्हणून ते चोळणे पाहून मी तिला विचारले, “बाई, याला सिकलसेल तर नाही?” तिने पिशवीतून राशन कार्डासोबत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले लाल कार्ड काढले. हर्नियाच्या डॉक्टरांना याचे काय सांगायचे, असे तिला वाटले होते. त्या माउलीला मी दोष देत नाही. भरती करून घेताना हा प्रश्न विचारणे माझे काम होते आणि मी तो विचारला नव्हता. प्राणवायू, प्रतिजैविके व रक्त देऊन मुलगा वाचला, पण त्याचे नऊ दिवस फार कठीण गेले. तेव्हापासून आपल्या भागातल्या प्रत्येक रुग्णाला, तो कोणत्याही जातीजमातीचा असो, मी हा प्रश्न भरतीच्या वेळीच विचारत आले.

म्हणून आपणास माझी कळकळीची विनंती आहे की ते कार्ड पिशवीत ठेवू नका. बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरांना, वॉर्डातल्या परिचारिकेला, आणि विशेषतः भूलतज्ज्ञांना ते स्वतः हातात द्या. एकाला सांगितले म्हणजे सगळ्यांना कळले, असे समजू नका. मुलगी सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरिया किंवा फॉलिक अ‍ॅसिड घेत असेल तर त्या गोळ्याही दाखवा आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका. पूर्वी रक्त चढवले असेल तर किती वेळा आणि त्या वेळी काही त्रास झाला होता का, हेही आठवून सांगा, कारण वारंवार रक्त घेतलेल्यांना जुळणारे रक्त शोधायला वेळ लागतो. शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन साधारण १० पर्यंत आणण्यासाठी तिला रक्त देण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. पुष्कळ नातेवाईक “आणखी दोन बाटल्या द्या, अंगात ताकद येईल” असा आग्रह धरतात, परंतु प्रमाणाबाहेर रक्त दिल्यास ते दाट होऊन उलट अपाय होतो. सिकलसेलच्या रुग्णांना शासकीय रक्तपेढीतून रक्त विनाशुल्क मिळते, हे ध्यानात असू द्या.

शस्त्रक्रिया कुठे करावी, हे आपण विचारले नसले तरी सांगते. जिथे रक्तपेढी, अतिदक्षता विभाग आणि सिकलसेलचे रुग्ण नेहमी हाताळणारे डॉक्टर एकाच आवारात असतील, तिथेच करावी. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व एम्स किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्याला लांब पडेल, पण या शस्त्रक्रियेपुरते ते अंतर सोसावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. राशन कार्ड व आधार कार्ड घेऊन रुग्णालयात या योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधीच भेटा.

आदल्या रात्री तिला उपाशी ठेवतील, तेव्हा “सिकलसेल आहे, सलाईन केव्हा लावणार?” असे नम्रपणे पण नक्की विचारा. पाणी किती वाजेपर्यंत पिता येईल, हेही विचारून घ्या. घरून एक जाड चादर, मोजे आणि कानटोपी न्या, उन्हाळा असला तरी, कारण शस्त्रक्रियागृह थंडगार असते.

नंतरचे तीन दिवस सर्वांत जपण्याचे. पोटावर तीन-चार छोटी छिद्रे असतात, तरी दुखण्याच्या भीतीने रुग्ण वरवरचा श्वास घेतो आणि तिथूनच छातीचे दुखणे सुरू होते. तीन छोटे चेंडू असलेले श्वास ओढायचे यंत्र दिले जाईल. जागेपणी दर तासाला दहा वेळा तिच्याकडून ते ओढून घ्या, उशी पोटाशी धरून खोकायला सांगा, आणि परवानगी मिळताच तिला हात धरून चालवा. दुखत असेल तर तिने सोसत राहू नये, परिचारिकेला सांगावे. खांदा दुखला तर घाबरू नका, पोटात भरलेल्या वायूमुळे तसे एक-दोन दिवस होते. मात्र छातीत दुखणे, धाप किंवा १०१ पेक्षा अधिक ताप यांपैकी काहीही झाले तर रात्री दोन वाजतासुद्धा डॉक्टरांना बोलवा, आणि घरी आल्यावर झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर निराशा होणार नाही. पित्ताशय काढल्यावर जेवणानंतरचे दुखणे थांबेल, पण डोळ्यांचा पिवळेपणा राहीलच, कारण पेशी फुटणे चालूच असते. त्याला कावीळ समजून कुणाकडून तिला डागून घेऊ नका.

रोवणीचे म्हणाल तर यंदा तिला बांधीत (धानाच्या शेतात) उतरवू नका. घरातली हलकी कामे ती एक-दोन आठवड्यांत करू लागेल, जड उचलणे महिनाभर टाळावे. परंतु दिवसभर वाकून, गार चिखलात पाय बुडवून, पावसात भिजत केलेले काम सिकलसेलच्या रुग्णाला एरवीही झेपत नाही. रोवणीच्या मजुरीचा खड्डा लहान नसतो, हे मी जाणते. तरीही तिला बांधावर बसूनही करता येईल असेच काम द्या, आणि पाण्याची बाटली तिच्या हाताशी असू द्या.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात राहते, वय ३४. सिकलसेलमुळे माझ्या उजव्या खुब्याचा गोळा झिजला होता. तीन महिन्यांपूर्वी नागपुरात कृत्रिम खुबा बसवला. आता दुखत नाही. मला खाली बसून स्वयंपाक करता येईल का? घरी भारतीय पद्धतीचेच शौचालय आहे.

उत्तर : उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि पाटावर बसणे आपण टाळावे. त्या बैठकीत खुबा फार वाकतो आणि कृत्रिम सांधा निखळू शकतो. दुखत नाही म्हणून पूर्वीसारखे बसून पाहण्याचा मोह अनेक बायकांना होतो, तो आवरा. शेगडी ओट्यावर घ्या. ओटा नसेल तर भक्कम टेबलावर ठेवून उंच स्टुलावर बसून स्वयंपाक करा. शौचालयाच्या भांड्यावर ठेवायची मधोमध भोक असलेली खुर्ची औषधांच्या दुकानात मिळते, मात्र ती ओल्या फरशीवर सरकणार नाही अशी, रबरी बूट असलेली घ्या. सिकलसेलच्या रुग्णांत बसवलेल्या सांध्याला जंतुसंसर्ग होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, म्हणून ताप येऊन खुबा दुखू लागला किंवा टाक्यांच्या जागी पाणी दिसले, तर गावात इंजेक्शन घेऊन वाट न पाहता जिथे शस्त्रक्रिया झाली तिथेच जा. डावा खुबाही याच आजाराने झिजू शकतो. त्या बाजूच्या जांघेत दुखू लागल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता दाखवून घ्या.