नाक वळेना

प्रश्न : माझी दोन आसनी, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार आहे; पुढे स्ट्रट सस्पेन्शन (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात). ट्रॅकवर लांब वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी नाक बाहेरच जातं. मित्राच्या सांगण्यावरून पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं रोखणारी आडवी सळई) 22 मिमीऐवजी 24 मिमीचा टाकला. गाडी कमी झुकते, पण अंडरस्टिअर, म्हणजे हे नाक बाहेर जाणं, वाढला. कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) कंपनीने दिलेलाच आहे. पुढच्या टायरची बाहेरची कड पार खाल्ली गेलीय. आता गाडी खाली करू का?

उत्तर : नको. मी केली होती. दिसायला झकास, पण वळणात आधीपेक्षा वाईट. स्ट्रटच्या गाडीत उंची कमी केली की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं आणि गाडीला झुकवणारा दांडा, म्हणजे या दोहोंमधलं अंतर, उलट लांबतो. स्प्रिंगचे पैसे गेले ते गेलेच.

आधी जुना 22 चा बार परत बसवा. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. दोनच मिलिमीटर म्हणता, पण तो सुमारे 42 टक्के ताठ झाला! वळणात आतल्या चाकावरचा भार बाहेरच्या चाकावर जातो आणि बार ताठ असलेल्या टोकाला तो जास्त जातो. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्यामुळे त्या जोडीची एकूण पकड घटते. तुमच्याकडे ती पुढची जोडी आहे. मित्र अगदीच चुकला नाही म्हणा. झुकणं कमी झालं की स्ट्रटचा कॅम्बर कमी बिघडतो, म्हणून काही गाड्यांना हा उपाय लागूही पडतो. तुमच्या गाडीने मात्र उत्तर दिलेलं आहे.

खरं दुखणं त्या खाल्लेल्या कडेत दिसतं. गाडी झुकल्यावर बाहेरचं चाक कडेवर उभं राहतं. स्ट्रटचं वरचं टोक सरकवून कॅम्बर बदलणाऱ्या कॅम्बर प्लेट घ्या आणि अर्ध्या-अर्ध्या अंशाने उणे अडीचपर्यंत (चाकाचा वरचा भाग आत) जा. प्रत्येक वेळी टो (वरून दिसणारी चाकांची आत-बाहेर दिशा) पुन्हा लावून घ्या, कॅम्बर हलला की तोही हलतो. मी पुढे शून्य ठेवतो. जोरात चार-पाच लॅप मारून थेट पिटमध्ये या आणि टायरचं तापमान आत, मध्ये, बाहेर असं सुईच्या तापमापकाने घ्या. बाहेरची कड आतल्यापेक्षा गरम असेल तर कॅम्बर अजून कमी पडतोय. हवा त्याच वेळी, गरम टायरमध्येच तपासा.

एवढं करूनही नाक सुटलं तर मागचा बार एक पायरी ताठ करा. एकच. आतलं मागचं चाक हलकं होऊन बाहेर पडताना जागीच फिरू लागलं, तर ती पायरी मागे घ्या. ओल्या ट्रॅकवर हा बार मऊच बरा, नाहीतर शेपूट पुढे येते.

डॅम्परच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) सेटिंगच्या चकत्यांना हात लावू नका. लांब वळणाच्या मध्यावर सस्पेन्शन बसलेलं असतं; डॅम्परचं काम ते हलत असताना. वळणात शिरताना तक्रार असती तर वेगळं बोललो असतो.

आणि राग मानू नका, पण पुढच्या वेळी नाक सुटलं की स्टिअरिंग थोडं परत सोडून बघा. पकड परत आली तर तुम्ही चाक गरजेपेक्षा जास्त वळवत होता. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांना हाच आजार असतो.