नोकरीसाठी परदेशात राहताना नमाज-रोजे आणि मुलांचे कुरआन शिक्षण कसे सांभाळावे?

अस्सलामु अलैकुम. पतीच्या नोकरीमुळे आपण जर्मनीतल्या हॅम्बुर्गला येत आहात, मुलगा सात वर्षांचा आहे, गावच्या मदरशात त्याचा नूरानी कायदा (अरबी अक्षरओळखीचे पुस्तक) संपत आला आहे आणि इथे आल्यावर त्याचे कुरआनचे वाचन सुटेल की काय, ही आपली मुख्य काळजी दिसते. मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. बरीच वर्षे याच शहरात नोकरी करते आणि माझ्या दोन्ही मुलांचा नाजरा (पाहून संपूर्ण कुरआन वाचणे) इथेच पूर्ण झाला, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

वाचन सुटणार नाही, मात्र ते आपोआप होईल असेही समजू नका. गावात ठरल्या वेळी आळीतली सगळी मुले सिपारे (कुरआनच्या तीस भागांच्या सुट्या पुस्तिका) छातीशी धरून निघतात आणि त्यांच्याबरोबर आपले मूलही जाते. इथे अजान कानावर पडत नाही, शेजारचे कोणी मदरशात जात नाही आणि शाळेतून मूल चार वाजता थकून येते. त्यामुळे सबकाची (रोजच्या धड्याची) वेळ घरानेच ठरवायची आणि आई-वडिलांपैकी एकाने त्या वेळी मुलाजवळ बसायचे, एवढे तरी पाळावेच लागते.

माझा आग्रह असा की, गावचे उस्ताद सोडू नका. व्हिडिओवर रोज वीस-पंचवीस मिनिटे त्यांच्यासमोर वाचन व्हावे. हिवाळ्यात इथले चार म्हणजे भारतात रात्रीचे साडेआठ, इशानंतरची, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतरची, निवांत वेळ. मार्चअखेरीस इथली घड्याळे एक तास पुढे सरकली की तेच चार वाजता तिकडे साडेसात होतात आणि मगरिब (सूर्यास्तानंतरची नमाज) आणि इशा यांच्या मधल्या वेळेत सबक उरकावा लागतो, हे उस्तादांशी आधीच बोलून ठेवा. मोबाइलवरची ॲप ऐकण्यासाठी चांगली आहेत, पण चूक ऐकून थांबवणारा माणूस समोर असल्याशिवाय कुरआन येत नाही, असे माझे ठाम मत आहे. ते पहिल्यापासून तोंडून कानाकडे आलेले आहे.

व्हिडिओची अडचण एकच, ती म्हणजे मखरज, अर्थात अक्षराचे उच्चारस्थान. से, सीन आणि साद या अरबी अक्षरांतला फरक, किंवा छोटी हे आणि बडी हे यांतला फरक, इंटरनेटवरून येणाऱ्या आवाजात पुसट होतो. ‘से’साठी जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला टेकले की नाही, हे उस्तादांना पडद्यावर नीट दिसत नाही. आम्ही मुलांच्या हातात छोटा आरसा देत असू. ‘से’ म्हणताना जिभेचे टोक दिसले पाहिजे आणि ‘सीन’ म्हणताना दिसता कामा नये, एवढे मूल स्वतःच पाहू लागते. शिवाय शनिवार-रविवारी मशिदीतल्या वर्गाला अवश्य पाठवा. इथल्या अनेक मशिदी तुर्की जमातींच्या आहेत, अरब आणि अफगाण जमातींच्याही आहेत. हॉर्न भागातली अल-नूर मशीद पूर्वी एका भूमिगत गॅरेजमध्ये भरत असे. 2018 पासून ती एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे.

मात्र तिथे दोन गोष्टींनी मूल गोंधळते. आपल्याकडच्या छापील कुरआनची लिपी आणि मदिनेच्या छापाची लिपी यांत खुणांचा फरक असतो. जज्मची (स्वर नसल्याची) खूण वेगळी, मदची (स्वर लांबवण्याच्या खुणेची) मांडणी वेगळी. अ, इ, उ या स्वरांच्या खुणांना जबर, जेर, पेश म्हणणारे मूल अरब वर्गात फतहा, कसरा, दम्मा ऐकते. निदान नाजरा पूर्ण होईपर्यंत एकच छाप ठेवा आणि मशिदीतल्या शिक्षकांनाही तोच दाखवा. दुसरी गोष्ट मसलकाची, म्हणजे धर्माचरणाच्या परंपरेची. आपण कोकणी शाफई आहोत, तर तुर्क बहुतांशी हनफी आहेत. फजरला (पहाटेच्या नमाजला) त्यांचे इमाम कुनूत ही उभ्याने करायची दुआ पढत नाहीत, रुकूला (कमरेत वाकायला) जाताना हात उचलत नाहीत, हे पाहून मुलगा प्रश्न विचारील. दोन्ही पद्धती मोठ्या इमामांच्या आहेत आणि हनफी इमामामागेही आपली नमाज होते, हे त्याला लहानपणीच शांतपणे सांगावे.

नमाजच्या वेळांचे म्हणाल तर डिसेंबरात सूर्य चारच्या सुमारास मावळतो, म्हणजे जोहर (दुपारची), अस्र (तिसऱ्या प्रहरची) आणि मगरिब या तिन्ही नमाज ऑफिसच्या वेळेत येतात. मी सकाळी घरी पूर्ण वजू (नमाजपूर्वी हात, तोंड, पाय धुणे) करून चामड्याचे मोजे घालते. मग ऑफिसमध्ये बेसिनवर पाय धुण्याची वेळ येत नाही, वजू करताना मोज्यांवर ओला हात फिरवून मसह केला की पुरते. मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र ही सवलत आहे. जूनमध्ये याच्या उलट, सूर्यास्त दहाच्या जरा आधी होतो आणि रात्र पुरती काळोखी होतच नाही. अशा वेळी इशा आणि फजरच्या वेळा वेगवेगळ्या वेळापत्रकांत वेगवेगळ्या दिसतात. आपल्या मशिदीचे एक वेळापत्रक घ्यावे आणि वर्षभर तेच पाळावे.

रोज्यांची चिंता सध्या करू नका. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. जूनमधले ते अठरा-एकोणीस तासांचे रोजे मागे पडले असून 2030 मध्ये जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस रमजान येईल, तेव्हा रोजा कोकणातल्यापेक्षाही लहान असेल. ईदला इथे सार्वजनिक सुट्टी नसते, पण हॅम्बुर्ग सरकारने 2012 साली मुस्लिम संघटनांशी केलेल्या करारामुळे मुलांना त्या दिवशी शाळेतून सुट्टी घेता येते. वर्गशिक्षकांना आधी कळवावे. त्यांनाच जिलेटिनच्या गोळ्यांबद्दलही सांगून ठेवा, कारण इथे वाढदिवसाला त्या सर्रास वाटतात आणि त्यांतले जिलेटिन बहुधा डुकराचे असते.

आपण स्वतः नीट वाचू शकत नाही आणि संकोच वाटतो, असेही लिहिले आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांच्याकडून आलेली हदीस (पैगंबरांचे वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे: जो अडखळत, कष्टाने कुरआन वाचतो त्याला दुप्पट सवाब (पुण्य) आहे. मुलाच्या सबकानंतर दहा मिनिटे आपणही त्याच उस्तादांसमोर बसा. जे वाचले त्याचा मराठी अर्थ रात्री दोघांनी मिळून वाचा. मराठी भाषांतर छापील मिळते, सामान बांधताना त्याची एक प्रत आणि तीस सुट्या सिपाऱ्यांचा संच आठवणीने घ्या. इथे आपल्या छापाचे सिपारे सहज मिळत नाहीत.