फ्रीज नव्हता तेव्हा देवीची लस मुंबईत कशी पोचली?

'जेन्नरने १७९६ साली इंग्लंडात लस शोधली, मग फ्रीजशिवाय ती आपल्याकडे कशी आली?' असा मूळ प्रश्न आहे. खाली कुणी 'बर्फात घालून आणली असेल' असंही लिहिलंय. बर्फाचा काही संबंध नाही. ती लहान मुलांच्या दंडावरून आली.

त्या काळी लस म्हणजे कुपीतलं औषध नव्हतं. गाईच्या सडांवर उठणाऱ्या काउपॉक्सच्या (देवीच्याच जातीचा, पण सौम्य रोग) फोडातलं पाणी माणसाला टोचलं, की साधारण आठव्या दिवशी त्याच्या दंडावर टपोरा फोड यायचा. तो हलकेच फोडायचा, वर आलेला स्वच्छ थेंब लॅन्सेटच्या, म्हणजे डॉक्टरच्या छोट्या टोकदार सुरीच्या, टोकावर घ्यायचा आणि दुसऱ्या मुलाच्या दंडावर ओरखडा काढून त्यात भरायचा. दोन-तीन दिवस उशीर झाला की पाणी गढूळ, मग पू, मग खपली. म्हणजे दर आठवड्याला नवं मूल हवं, आणि तेही देवी येऊन न गेलेलं. एकदा साखळी तुटली की पुन्हा युरोपाकडे तोंड करून बसायचं.

सुकवलेली लस थेट जहाजाने पाठवायचे आधीचे प्रयत्न उष्णतेमुळे फुकट गेले होते. मग व्हिएन्नाच्या ज्याँ द कारो या डॉक्टरने लशीत भिजवलेला कापूस दोन काचांमध्ये दाबून, वरून मेणाने बंद करून बगदादला धाडला. १८०२च्या मार्चअखेर तो पोचला आणि लस जिवंत निघाली! तिथून बसरा, आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबई, हा सगळा टप्पा दंडावरून दंडावर. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस उठली. तिच्यावरून आणखी पाच मुलांना टोचलं आणि पुढे तीच साखळी देशभर गेली. पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई होती. निदान ॲनाचं नाव तरी नोंदलं गेलं. बसऱ्याहून निघालेल्या साखळीतली बाकीची पोरं कोण होती, कुणाला पडलंय?

स्पेनने पुढच्याच वर्षी हाच प्रकार सरकारी खर्चाने केला. बाल्मिस या डॉक्टरच्या मोहिमेत अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजावर २२ अनाथ मुलगे होते. एकाचा फोड वाया गेला तर दुसरा असावा म्हणून एका वेळी दोघांना टोचत. त्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं, हे उघड आहे.

(व्हॉट्सॲपवर फिरतं ते 'आपल्याकडे लस आधीपासूनच होती' अर्धंच खरं. बंगालातले टिकादार देवीच्याच फोडातला पू टोचायचे, त्याचं वर्णन हॉलवेल या इंग्रज डॉक्टरने १७६७ साली छापलंय. पण त्यात खऱ्या देवीच निघायच्या, सौम्य, आणि तो माणूस इतरांनाही रोग देऊ शकायचा.)

दंडावरून दंडावर या पद्धतीची खोट १८६१ साली इटलीत रिव्हाल्टा गावात दिसली. एका मुलावरून टोचताना चाळीसहून जास्त मुलांना सिफिलिस झाला. आपल्याकडे दुसऱ्या जातीच्या मुलाच्या अंगातलं पाणी नको, हा विरोध होताच. मग वासराच्या पोटाची कातडी भादरून, तिच्यावर ओरखडे काढून तिथेच लस वाढवू लागले. काढलेला लगदा ग्लिसरिनमध्ये घोटायचा. रोग देण्याचा धोका बराच कमी झाला, पण उन्हाळ्यात ती लस मरायचीच. म्हणून टोचणी मुख्यतः थंडीत चालायची.

उष्णतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला १९५०च्या दशकात. इंग्लंडच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कॉलियरने लस गोठवून सुकवायची पद्धत बसवली. ती पूड ३७ अंशांनाही महिनाभर सहज टिकायची. वापरताना द्रावात कालवायची, दोन टोकांच्या सुईवर थेंब घ्यायचा आणि दंडावर भराभर पंधरा टोचे. गावोगावी 'देवी डॉक्टर' हीच लस खांद्याच्या पिशवीतून नेत. १९७५च्या मे महिन्यात भारतातला शेवटचा रोगी सापडला.