टॉम अँड जेरीचे ते 'विहिरीतल्या आवाजाचे' एपिसोड

तुम्ही विचारलंय की लहानपणी टॉम अँड जेरी बघताना मधेच एखादा एपिसोड भलताच विचित्र लागायचा, आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमणारा, टॉमचा मालक टकला आणि सारखा रागाने लालबुंद, तर ते कोणी डुप्लिकेट काढलेले का? नाही हो, अगदी ओरिजिनलच, फक्त ते हॉलिवूडमध्ये बनले नाहीत, प्रागमध्ये बनले.

झालं असं की मूळचं टॉम अँड जेरी हॅना आणि बार्बेरा या जोडगोळीचं, एमजीएम स्टुडिओत. पहिलं कार्टून १९४० चं, आणि गंमत म्हणजे त्यात टॉमचं नाव जॅस्पर आहे. बार्बेराने गोष्ट आणि गमती रचायच्या, हॅनाने टायमिंग बसवायचं, म्हणजे तवा डोक्यात कधी बसणार आणि त्यानंतर किती क्षण सगळं थांबणार हा हिशोब त्याचा. टॉम शेपूट चिरडल्यावर जे बोंबलतो ना, ते बोंबलणंसुद्धा हॅनाचंच! वर स्कॉट ब्रॅडलीचं ऑर्केस्ट्रा, प्रत्येक पावलाला, प्रत्येक आदळण्याला वेगळी सुरावट. तुम्ही एकदा चित्र न बघता नुसतं ऐकून बघा, कुठे काय चाललंय ते बरंचसं कळतं. या जोडीने ११४ कार्टून्स केली, ७ ऑस्कर मिळाले, आणि ते घ्यायला स्टेजवर जायचा प्रोड्युसर फ्रेड क्विम्बी, हे दोघे बसलेत खाली. असो.

१९५७ ला एमजीएमने कार्टूनचं दुकानच बंद केलं. का, तर जुनीच कार्टून्स थिएटरात परत लावली तरी जवळपास नव्याइतकाच गल्ला जमतो हे हिशेबवाल्यांच्या लक्षात आलं, मग नवीन करायचा खर्च कशाला. हॅना-बार्बेरा टीव्हीकडे वळले, तिथे पैसा अगदीच तुटपुंजा म्हणून चित्रं कमी आणि बोलणं जास्त. त्यांच्या टीव्ही कार्टूनमधला अस्वल योगी बेअर नुसता, अंगावर कपडा नाही, तरी गळ्यात कॉलर आणि टाय कशाला असं कधी वाटलं का? कॉलरच्या खाली धड तसंच ठेवायचं आणि वर नुसतं डोकं हलवायचं, जोड दिसत नाही.

मग काही वर्षांनी एमजीएमला वाटलं की टॉम अँड जेरी परत हवं, पण स्वस्तात. काम गेलं जीन डाइचकडे, हा अमेरिकन माणूस पण राहायला प्रागला, आणि याच्याच एका छोट्या कार्टून फिल्मला नुकतंच ऑस्कर मिळालेलं, म्हणजे अनाडी नव्हता. पण त्याच्या चेक टीमने टॉम अँड जेरी जेमतेमच बघितलेलं आणि बजेट आधीच्या मानाने काहीच नाही. १९६१-६२ मध्ये अशी १३ कार्टून्स आली. लोक डाइचला शिव्या घालतात, मला ते पटत नाही, त्या पैशात आणि तेवढ्या ओळखीवर दुसऱ्या कोणी काय वेगळं केलं असतं? आणि तो घुमणारा आवाज मला तर आता आवडायला लागलाय, टॉड डॉकस्टेडरचं काम आहे ते, हा माणूस इलेक्ट्रॉनिक संगीतवाला होता.

त्यानंतर १९६३ पासून चक जोन्सची ३४, ती ओळखणं सोपं, सुरुवातीला एमजीएमचा सिंह डरकाळी फोडतो आणि त्याच्या जागी टॉम येऊन म्याव करतो, शिवाय टॉमच्या भुवया जाडजूड. दिसायला देखणी आहेत पण मारामारी कमी, पोझ जास्त.

आपल्याकडे १९९५ पासून कार्टून नेटवर्कवर हे तिन्ही काळ एकाच खिचडीत लागायचे, त्यामुळे सगळ्यांचाच गोंधळ झालाय. पुढच्या वेळी सुरुवातीची नावं नीट वाचा. प्रागवाल्या कार्टून्समध्ये चेक नावंसुद्धा इंग्रजी करून टाकलीत, संगीतकार वाच्लाव लीडल तिथे चक्क व्हिक्टर लिटल झालाय, आणि शेवटी 'मेड इन हॉलिवूड' ही पाटी असते ना, ती तेवढी गायब.