नोकरी सांभाळून अमेरिकेतल्या ख्रिश्चन विद्यापीठाची पदवी घेता येते का?

हो, येते. व्हर्जिनियातल्या लिबर्टी विद्यापीठाचंच बघा (स्थापना १९७१). तिथले बहुतेक ऑनलाइन कोर्स ८ आठवड्यांचे असतात, त्यामुळे एका वेळी एक-दोन विषयच हातात घेता येतात. पण ८ आठवडे म्हणजे अभ्यास निम्मा होत नाही; पूर्ण सत्राचा भाग निम्म्या वेळात उरकावा लागतो. मुलं झोपल्यावर रात्री १० ला लॅपटॉप उघडणाऱ्याने हे आधीच धरून चालावं. जुन्या कॉलेजचे क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे मोजलेले गुण) किती धरतात ते प्रवेशाआधी लेखी घ्या, खरे पैसे तिथेच वाचतात. क्लेप परीक्षा (CLEP, विषय आधीच येत असल्याचं दाखवून क्रेडिट मिळवण्याची अमेरिकन परीक्षा) देऊनही काही विषय सुटू शकतात. बायबलचे विषय मात्र बहुतेक ठिकाणी सक्तीचे असतात, मग पदवी नर्सिंगची असो की अकाउंटिंगची.